मंजूर लोड

(बुलढाणा, एप्रिल १९७३. दुष्काळाच्या पाहणीची कार्डं मोजणाऱ्या सरकारी केंद्रातली खोली. दुपार. केंद्रप्रमुख इंद्रभान टेबलामागे, त्याची धाकटी बहीण सरस्वती टेबलासमोर उभी.)

इंद्रभान : आधी बस, सरू. पाणी घे. आणि हळू बोल जरा, पलीकडे मुली कार्डं पंच करताहेत.

सरस्वती : बसाले नाही आली मी. अन् हळू काऊन बोलू? ऐकू दे त्या पोरींले. माही सासू विहिरीत पडली, हे काय लपवाची गोष्ट हाय?

इंद्रभान : पडल्या? अंबूबाई? कधी?

सरस्वती : काल सकाळी. घागर घेऊन पायऱ्या उतरून गेल्ती. पाणी पार तळाले गेलं, शेवटच्या पायरीवर बसून वाकाव लागते. पाय सटकला. खाली पाणी खोल असतं तं बुडाली असती, कमरेइतकंच होतं म्हणून तळच्या खडकावर आपटली. खुबा मोडला. चार जणांनी चादरीत घालून वर काढली. बैलगाडीनं अमडापूर, तथून एका भल्या माणसाच्या जीपमधी अथी.

इंद्रभान : म्हणजे इथेच आहेत? बुलढाण्यात?

सरस्वती : सरकारी दवाखान्यात. कालपासून. डॉक्टर म्हणते, पुन्हा चालन का नाही ते आताच सांगता येत नाही.

इंद्रभान : आणि मला आज सांगतेस? दवाखाना दहा मिनिटांवर आहे, सरू. निरोप तरी धाडायचा.

सरस्वती : निरोप कोणाजवळ धाडू? तुहा भाऊजी तिच्या उशाशी बसून हाय, मी औषधासाठी पळून राह्यली. अन् खरं सांगू, तुह्याकडं यायच्या आधी मले दुसरीकडं जायचं होतं. सबस्टेशनवर गेली मी.

इंद्रभान : सबस्टेशनवर? तुझं काय काम तिथे?

सरस्वती : लाईट कोण बंद करते ते पाहाचं होतं मले. त्याचं तोंड पाहाचं होतं. या न भाऊ आत, दारात काऊन उभे राह्यले?

रसूल : सलाम साहेब. मी नकोच म्हणत होतो. बाईनं सोडलं नाही. ड्युटीवर दुसऱ्याले बसवून आलो.

इंद्रभान : गुलाम रसूल, तुम्ही? तुम्ही हिला इथे घेऊन आलात?

रसूल : मी नाही आणलं साहेब, त्यांनीच मले आणलं. म्हणे, लाईट तुमी बंद करता का? मी म्हणलो, बटन मी दाबतो, हुकूम वरचा हाय. म्हणे, कोणासाठी? मी म्हणलो, गणती केंद्रासाठी. तं म्हणे, ते तर माह्या भावाचं ऑफिस हाय. मंग मले यावंच लागलं.

सरस्वती : दादा, गावच्या विहिरीवर पंप बसवला तवा तू आलता. नारळ तुह्या हातानं फोडवला सरपंचानं. म्हणे, आपल्या गावचे पाहुणे, मोठे साहेब. टाकी बांधली, चार नळ लावले. उन्हाळ्याच्या तोंडाशी दिवसाची लाईट गेली ते गेलीच. रात्री येते, पण इतकी मंद का मोटर नुसती गुणगुणते. पाणी उचलतच नाही. पंपवाला उकंडराव दोन रात्री तिच्यापाशी बसून राह्यला, मंग त्यानं हात जोडले. बायका पुन्हा पायऱ्या उतराले लागल्या.

इंद्रभान : सरू, मला वाईट वाटतंय. पण वीज सगळीकडेच कमी आहे. धरणांत पाणी नाही, वीज तयार कुठून होणार? मुंबईतसुद्धा कपात आहे.

सरस्वती : तुह्या खोलीत हाय का कपात?

इंद्रभान : हे अत्यावश्यक काम आहे.

सरस्वती : अथी उभं राह्यलं तं अंगावर काटा येते. बाहेर डांबर वितळून राह्यलं अन् अथी तुमी माघ महिना भरून ठेवला. ह्या पोरी स्वेटर घालून बसल्या. एप्रिलमधी स्वेटर. मी अशी गोष्ट जन्मात पाह्यली नव्हती.

इंद्रभान : गारवा माणसांसाठी नाही, मशीनसाठी आहे. उष्णतेनं कार्डं वाकतात. वाकडं कार्ड मशीनमध्ये अडकलं की मागची शंभर फाटतात. मुंबईहून भाड्यानं आणलेली यंत्रं आहेत, त्यांचे नियम आहेत.

सरस्वती : काय मोजता यानं?

इंद्रभान : टंचाई. कोणत्या गावात किती विहिरी आटल्या, किती जनावरं उरली, किती माणसं कामावर आहेत. एका कार्डात एका गावाची माहिती. त्यावरून ठरणार कुठे टँकर द्यायचे, कुठे चारा.

सरस्वती : आमच्या गावाचं कार्ड हाय?

इंद्रभान : असणारच.

सरस्वती : त्यात काय लिह्यलं?

इंद्रभान : लिहिलेलं नसतं. भोकं असतात.

सरस्वती : मंग आमच्या विहिरीचं एक भोक असन.

इंद्रभान : टोमणे मारू नकोस. हे काम खरं आहे. मी इथे खुर्ची गरम करत बसलेलो नाही. आकडे वेळेवर गेले नाहीत तर तुमच्याच गावाला टँकर यायला पावसाळा उजाडेल.

सरस्वती : टँकर नको आमाले. विहिरीत अजून कमरेइतकं पाणी हाय, पंप चालला तं पुरते. आमाले फक्त दुपारी लाईट पायजे. दोन-चार घंटे. ते तू देऊन राह्यला नाहीस.

इंद्रभान : मी देणारा कोण? ते यांच्या हातात आहे.

रसूल : साहेब, मले वरून जेवढी वीज भेटते तेवढीच मी वाटतो. तुमच्या केंद्राले हात लावायचा नाही असा हुकूम हाय. तुमी दिवसभर चालू, म्हणून बाईचं गाव ज्यावर हाय ती अमडापूरची लाईन दिवसभर बंद. दोन्ही संगं चालू केल्या तं सगळंच बसते. दवाखानाही अंधारात जाते.

सरस्वती : ऐकलं? एकतर तू, नाहीतर आमी.

इंद्रभान : एकट्या आमच्यामुळे होतं असं नाही ना. बुलढाण्यात कापसाचं जिन आहे, कचेरी आहे, सिनेमा आहे.

रसूल : सिनेमाचा दुपारचा खेळ बंद केला साहेब. जिन आठ दिवसातून तीन दिवस चालते. कचेरीतले पंखे बंद हायेत, कारकून पुठ्ठ्यानं वारा घेतात. फक्त तुमचीच लाईन हाय का जिले मी कधी हात लावला नाही.

सरस्वती : दादा, एक विचारू? हे कोपऱ्यातलं मोठं मशीन, मी आली तवापासून खडखड करून राह्यलं. त्यात कोणी काही टाकलं नाही. त्यातून काही निंगलंही नाही. ती पोरगी त्याच्याकडं पाठ करून बसली हाय. ते काय मोजून राह्यलं?

इंद्रभान : त्याची चाचणी चालू आहे.

रसूल : चाचणी.

इंद्रभान : काय म्हणायचंय तुम्हाला?

रसूल : काही नाही साहेब. होळीच्या आधीपासून तुमचा विजेचा लोड सारखाच हाय. दिवसा तेवढाच, संध्याकाळी तेवढाच, रविवारीही तेवढाच. मले वाटलं, रविवारीही काम करता. मेहनती लोक हायेत म्हणलं.

सरस्वती : रविवारी कोण येते अथी, दादा?

इंद्रभान : कोणी नाही.

सरस्वती : मंग?

इंद्रभान : सरू, हे तुला समजावून सांगायला वेळ लागेल.

सरस्वती : मले वेळ हाय. माही सासू कुठी चालत जाणार नाही.

इंद्रभान : तालुक्यांतून माहिती यायची थांबलीय. तलाठी गावोगाव फिरताहेत, एका तालुक्याची आलीय, बाकीच्यांची नाही. जेवढी आली तेवढी मुली पंच करतात. मोठ्या मशीनला द्यायला कार्डंच नाहीत.

सरस्वती : म्हंजे रिकामं फिरून राह्यलं ते.

इंद्रभान : हो.

सरस्वती : अन् हा गारवा? कार्डंच नाहीत तं वाकतीन काय?

इंद्रभान : ऐकून घे. आम्हाला ठरावीक लोड मंजूर आहे. कितीतरी फेऱ्या मारून मिळवलाय. मीटरवर वापर कमी दिसला की वरचे म्हणतात, यांना लागत नाही, द्या दुसऱ्याला. एकदा गेलेला लोड परत मिळत नाही. पुढच्या महिन्यात सगळ्या तालुक्यांची माहिती एकदम येऊन पडेल, तेव्हा सगळी मशीनं लागणार, गारवाही लागणार. तेव्हा कुणाकडे भीक मागायची? म्हणून वापर टिकवून ठेवायचा असतो. सगळीच ऑफिसं असं करतात.

सरस्वती : द्या दुसऱ्याले म्हणतात. ते दुसरे म्हंजे आमी.

इंद्रभान : मला काय माहीत कुणाला देतात.

सरस्वती : आमच्या विहिरीवर पाळी लागते ना, तवा एखादी बाई सकाळीच येऊन रिकाम्या घागरी मांडून जाते. घरी पाणी हाय तिच्या, तरी जागा धरून ठेवते. उद्या लागन म्हणून. तिच्या मागं लेकरू काखेत घेऊन दुसरी उभी राह्यते. त्या घागरी आमी काय करतो माहीत हाय तुले? पायानं सरकवून देतो. अन् ती बाई भांडाले आली तं कोणीच तिच्या बाजूनं बोलत नाही. तिची सख्खी बहीणही नाही.

इंद्रभान : मी घरासाठी नाही केलं काही.

सरस्वती : घरासाठी केलं असतं तं मले समजलं असतं. घरच्यासाठी माणूस चोरीही करते. तू कोणासाठी केलं? ह्या लोखंडासाठी?

रसूल : बाई, बसा. उन्हातून आल्या तुमी, सकाळपासून पोटात काही नाही.

सरस्वती : तुमीही सांगा न भाऊ. मघा रस्त्यानं मले सांगतलं ते त्याच्या तोंडावर सांगा.

रसूल : जाऊ द्या ते.

सरस्वती : नाही. सांगा.

रसूल : साहेब, तुमाले आठवते, मी महिन्याआधी आलतो तुमच्याकडं. म्हणलो होतो, मशीनी पहाटे लावा, तवा हवा आपसूक गार असते, गारव्याले वीज कमी लागते. उन्हं चढली का बंद करा. दुपारी मी अमडापूरले लाईन देतो. उन्हं उतरली का पुन्हा तुमचं चालू. कोणाचंच काम अडत नाही. तुमी म्हणले, तांत्रिक अडचण हाय.

इंद्रभान : हो. म्हणालो होतो.

रसूल : मी इंजिनियर नाही. मले वाटलं, असन काही अडचण.

इंद्रभान : काही अडचण नव्हती. तुम्ही यायच्या आधीच मी तेच गणित मांडून नागपूरला विचारलं होतं. पहाटेची पाळी, दुपारी बंद. व्यवस्थित जमत होतं. संचालक म्हणाले, पाहणीला बडे लोक दुपारीच येतात. जेवणं झाली की मशीन बघायला येतात. बंद मशीन काय दाखवायचं त्यांना? आणि वापर निम्म्यावर आला तर मंजूर लोडही निम्मा होईल. म्हणून गप्प बसलो.

सरस्वती : म्हंजे तुले माहीत होतं.

इंद्रभान : तुमची लाईन बंद होते हे माहीत नव्हतं.

रसूल : लाईनचं नावच अमडापूर हाय साहेब.

इंद्रभान : मी विचारलं नाही कुठली लाईन बंद करता म्हणून.

सरस्वती : काऊन नाही विचारलं?

इंद्रभान : विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, रसूलभाई. मग मला मशीन चालू ठेवता आलं नसतं. म्हणून नाही विचारलं.

सरस्वती : अन् आमची नसती, दुसऱ्याच कोण्या गावाची असती लाईन? तं मी अथी आलीच नसती. त्या गावची बाई पडली असती, अन् तुही खोली अशीच गार राह्यली असती.

इंद्रभान : पुरे सरू. पुरे. बंद करतो मी. आत्ता बंद करतो. रसूलभाई, गारव्याची दोन्ही यंत्रं आणि ते मोठं मशीन बंद केलं तर तुम्ही लाईन देऊ शकता?

रसूल : सबस्टेशनवर पोचलो का देतो. पण तुमचा लोड उतरला तं मले नागपूरले कळवाव लागते, असाही हुकूम हाय. ते विचारतीन.

इंद्रभान : थांबा. हा संचालकांचाच फोन असेल. रोज या वेळी येतो. हॅलो. हो सर, बोलतोय. आकडा कालच्याइतकाच आहे सर, माहिती आलेली नाही. सर, एक अडचण झालीय. गारव्याचं यंत्र जळलं. हो, दोन्ही. धूर निघाला. मोठं मशीनही बंद ठेवावं लागेल. आठ-दहा दिवस तरी. हो सर, माणूस पाठवा. सावकाश पाठवला तरी चालेल. ठेवतो. झालं, सरू. जा रसूलभाई, द्या लाईन. आठ दिवस कोणी विचारणार नाही.

सरस्वती : अन् नवव्या दिवशी?

इंद्रभान : तेव्हाचं तेव्हा बघू.

सरस्वती : तवा काय पाहशीन? मुंबईचा माणूस येईन, यंत्र उघडून पाहीन, त्याले काहीच झालेलं नसन. तू तं जाशीनच. हे रसूलभाईही जातीन. अन् आमची लाईन पुन्हा बंद. पाऊस यायले अजून दोन महिने हायेत दादा, आठ दिवस नाहीत.

रसूल : माही काळजी नका करू बाई.

सरस्वती : कशी नाही करू? अथी तोंड उघडलं ते एकट्या तुमीच. दादा, यंत्र जळलं म्हणून आमाले पाणी भेटते, असं का? खरं काय ते सांगाची लाज वाटते? दुपारी बंद ठेवलं तरी सरकारचं काम होते, हे तूच म्हणला आता. ते त्यायले सांग.

इंद्रभान : सांगितलं होतं म्हटलं ना. ऐकलं नाही त्यांनी.

सरस्वती : तवा तू विचारलं होतं. आता सांग.

इंद्रभान : माझी नोकरी जाईल, सरू.

सरस्वती : जाऊ शकते. मी खोटं कशाले बोलू? वहिनीले मी तोंड देईन, पाहिजे तं माह्या घरी येऊन राहा. पण त्या पायऱ्या आता कौशल्याबाई उतरून राह्यली, तिले सातवा महिना हाय. ती पडली तं तिच्या घरी काय सांगाचं ते तू ठरव.

इंद्रभान : एक्स्चेंज? नागपूर द्या. आत्ता बोलत होतो तोच नंबर. अर्जंट लावा. हो, थांबतो. हॅलो, सर, मी इंद्रभान, बुलढाण्याहून. मघाशी मी खोटं बोललो. यंत्र जळलेलं नाही. मी ते बंद करतोय. नाही सर, डोकं ठिकाणावर आहे. मोठं मशीन होळीच्या आधीपासून रिकामं फिरतंय. तुम्ही म्हणाला होता वापर टिकवा. हो, मी ऐकलं, मी तेव्हाच ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. सर, माझं ऐका. त्या विजेवर एका गावाचा पंप चालतो. काल तिथे एक बाई विहिरीत पडली. नाही, जिवंत आहे. माझ्या बहिणीची सासू आहे, पण ते महत्त्वाचं नाही. नाही सर, पुन्हा चालू करणार नाही. दुसरा माणूस पाठवा, किल्ल्या देतो त्याला. कोणाला माहीत आहे? सगळ्यांना. बहीण इथे उभी आहे, सबस्टेशनचे ऑपरेटर आहेत, आणि पलीकडे सहा मुली कामं थांबवून ऐकताहेत. दार उघडंच आहे. हो. हो सर. पहाटेची पाळी. दुपारी बंद. लोड? तो तसाच मंजूर ठेवणार? बरं. आणि माझं? समजलं. ठेवतो.

सरस्वती : काय म्हणले?

इंद्रभान : पहाटेची पाळी मान्य. दुपारी उन्हं उतरेपर्यंत सगळं बंद. पाऊस पडेपर्यंत. मंजूर लोडही कापणार नाहीत, तसं तेच वर सांगतील.

रसूल : एवढ्या लवकर मान्य केलं?

इंद्रभान : मुली ऐकताहेत म्हटल्यावर केलं.

सरस्वती : म्हंजे त्यायलेही जमत होतं. महिनाभर जमत होतं. फक्त ऐकणारं कोणी नव्हतं.

इंद्रभान : हो.

सरस्वती : मले वाटलं होतं, हे ऐकून माहा राग जाईन. आणखीच वाढला. एका फोनानं होत होतं, दादा. माही सासू एका फोनासाठी पडली.

रसूल : अन् तुमचं काय म्हणले साहेब?

इंद्रभान : सोमवारी कोणीतरी येईल. त्याच्या हवाली करून मी नागपूरला हजर व्हायचं. पुढे काय ते तिथे कळेल. ते जाऊ द्या. या, तुम्हीच बटण बंद करा त्या मशीनचं.

रसूल : नाही साहेब. तुमचं मशीन, तुमीच करा. मी माही लाईन देतो जाऊन.

इंद्रभान : बरं. हे बघा, केलं सगळं बंद. मुलींनो, स्वेटर काढून ठेवा. आजपासून दुपारी सुट्टी. उद्या पहाटे यायचं.

सरस्वती : केवढी शांतता झाली.

इंद्रभान : मलाही विसर पडला होता की ही खोली शांत असू शकते.

रसूल : येतो मी. बाई, तुमच्या उकंडरावले सांगायची सोय असती तं बरं झालं असतं. पंप चालू ठेवून बसला असता.

सरस्वती : तो बटन चालूच ठेवते भाऊ, दिवसभर. वाट पाहून राह्यते. लाईट आली का आपोआप सुरू होईन.

रसूल : मंग मी पळतो. खुदा हाफिज.

इंद्रभान : सरू, मी येऊ का दवाखान्यात?

सरस्वती : मी नको म्हणली तं येणार नाहीस?

इंद्रभान : येईन. पण तू माझ्यावर चिडलेली आहेस.

सरस्वती : चिडलेली हायच. लय दिवस राहीन. तरी चाल.

इंद्रभान : अंबूबाईंसमोर काय बोलू? सगळं सांगायला हवं त्यांना.

सरस्वती : सांगजो, पण आज नको. काल गाडीतून आणताना कण्हून राह्यली होती, तरी मले म्हणे, बुलढाण्याले चाललो तं इंद्रभानले त्रास नको देऊ, तो बिचारा आपल्याच पाण्याचं काम करून राह्यला.